चाकाकडचं तेल

मामाने गाडीच्या चारही चाकांखाली लिंबं ठेवली होती आणि नारळ फोडायला हात उचलला होता, तेवढ्यात मी बॉनेट उघडायला सांगितलं.

त्याच्या हातातला नारळ तसाच राहिला. "घरना माणूसले कोनी बॉनेट उघाडीसन दखाडस का?" तो हसत म्हणाला. धुळ्याच्या बाहेर मोठ्या रस्त्याला लागून त्याचं आवार आहे. जुन्या गाड्या घ्यायच्या, धुवायच्या, चमकवायच्या आणि विकायच्या, हा त्याचा धंदा. आवारामागेच घर. त्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. आमच्या खानदेशात आखाजीला लेक माहेरी आली नाही तर लोक विचारतात, भाऊ मेला का. आई सकाळपासून शेजारच्या बायांबरोबर कडुनिंबाच्या झोक्यावर बसून गाणी म्हणत होती. आजाराने निम्मी झालेली बाई, पण तिथे तिला आवाज फुटायचा.

गाडी घ्यायची होती ती तिच्यासाठीच. आम्ही चाळीसगावचे. तिचे उपचार कन्नड घाटाच्या वर, संभाजीनगरला. दर पंधरवड्याला बसने जाणं तिला सोसेना. मामाला हे सगळं माहीत होतं. "मन्ही बहीणले बसना धक्का नको," असं म्हणून ही गाडी त्यानेच काढून ठेवली होती.

बॉनेटखाली ब्रेक ऑइलची बाटली होती. आतलं तेल मधासारखं स्वच्छ. मामाने तिच्यावर टिचकी मारली. "दख. नवं कोरं शे."

ते नवंच होतं. पण तेलाच्या वर, बाटलीच्या आतल्या अंगाला, एक तपकिरी कडं बसलं होतं. वर्षानुवर्षं जुनं तेल जिथवर राहिलं होतं तिथवर. मी मागच्या डाव्या चाकाशी आडवी झाले. तेल सोडायच्या नटावरची रबरी टोपी मातीने चिकटून दगड झाली होती, आणि खाली नटाच्या कडेचा गंज सलग होता. त्या नटाला कधी पाना लागलाच नव्हता. म्हणजे वरचं तेल पिचकारीने ओढून नवं ओतलं होतं, आणि नळ्यांतलं, चाकांतलं जुनंच होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. सपाट रस्त्यावर ते कळत नाही. घाट उतरताना ब्रेक तापतात, ते पाणी उकळतं, त्याची वाफ होते आणि पेडल पायाखालून निघून जातं.

हे मला वडिलांमुळे ठाऊक. अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटायची त्यांची एक जुनी जीप होती. तिच्या टपावर बसून मी अक्षरं शिकले आणि तिच्या पोटाखाली झोपून ब्रेक. तपासता येतं ते विश्वासावर सोडायचं नाही, हे वाक्य आमच्या घरात पत्रकांवरही होतं आणि जेवतानाही.

मी पिशवीतून पाना, पारदर्शक नळी, रिकामी बाटली आणि तेलाचे दोन डबे काढले. मामाचा चेहरा बदलला. "हाई सामान बरोबर लई उनी का? म्हणजे घरूनच चोर ठरायीसन उनी तू!"

आई झोक्यावरून उतरून आली. माझा दंड धरून हळूच म्हणाली, "घर जाईसन दख ना. आज आखाजी शे. लोके दखी राहिनात."

"ज्याने केलं त्याच्यासमोरच," मी म्हणाले.

पेडल दाबायला माणूस लागतो. मामाच्या पोरांनी तोंडं फिरवली. मी आईकडे पाहिलं. ती स्टिअरिंगमागे जाऊन बसली.

"दाब. धर." मी नट ढिला केला. नळीतून आलं ते शिळ्या चहासारखं काळपट, त्यात काळे कण. नट आवळला. "सोड." पुन्हा दाब, पुन्हा धर, मधून मधून वर नवं तेल. बाटली भरत गेली तशी झोक्यावरची गाणी थांबली. बाया भोवती आल्या.

"तेल काळंच राहस," मामा बायांकडे बघत म्हणाला. "दूध थोडंच शे ते? आन् घाटमा गिअरवर उतरतंस लोके. गाडी चालाडनं बी मीच शिकाडू का?"

"मग आज तुम्हीच घाट उतरा, मामा. आईला शेजारी बसवून. मी तेल बदलत नाही."

मामाने नारळ टपावर ठेवला आणि तो रुमालाने हात पुसत राहिला. आईने आरशातून ते पाहिलं.

दुसऱ्या चाकालाही तसंच आलं. तिसऱ्याला नळी लावली तेव्हा आई म्हणाली, "बस कर आता."

"अजून दोन चाकं आहेत."

तिने पाय उचलला आणि पुन्हा ठेवला. ती रडत होती, पण पेडल बरोबर धरत होती, मी सांगेपर्यंत सोडत नव्हती. चौथ्या चाकातून मधासारखं तेल आलं तेव्हा भोवती कोणी उरलं नव्हतं. मामी ओटी भरायला बाहेर आली नाही. भावाने बहिणीला द्यायची साडी आतच राहिली. मीच गाडी पुढे घेतली. लिंबं फुटली.

कोणी म्हणेल, घरी नेऊन गुपचूप बदलायचं होतं. मी तसं मानत नाही. झाकलं असतं तर तो पुढच्या आखाजीला तिला साडी नेसवून पुन्हा प्रेमळ भाऊ झाला असता, आणि ती गाडी नाही तर दुसरी, कुणाच्या तरी आईखाली गेली असती.

पुढच्या आखाजीला आईला न्यायला कोणी आलं नाही. तिने पिशवी भरून दाराशी ठेवली होती. संध्याकाळी तिनेच ती रिकामी केली.

त्यानंतरच्या फेरीला आम्ही संभाजीनगरहून परतत होतो. घाटात पुढे केळीचा रिकामा ट्रक होता. प्रत्येक वळणावर ब्रेक घट्ट लागत होते. शेजारच्या सीटवर आईचा उजवा पायही प्रत्येक वळणावर खालचा पत्रा दाबत होता, धरत होता, सोडत होता.

"आखाजीले आता कोठे जासू मी?" तिने विचारलं.

मी गिअर खाली टाकला. वळण मोठं होतं.