दहाव्याला दिलेले चुकीचे वचन

मित्रहो, आज माझ्या पत्नीचे दहावे होते. आगाशीच्या तळ्याकाठी पिंड ठेवला, परंतु कावळा शिवेना. तिची काही इच्छा राहिली असावी, असे सर्वांचे मत पडले.

मी हात जोडून मोठ्याने म्हणालो, "मुग्धाला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करवीन." आमची मुलगी नुकतीच बी.एस्सी. झाली, पुढचे आम्ही उभयतांनी ठरवले होते.

कावळा फांदीवरून हलला नाही.

मेहुणा हळूच म्हणाला, "भावोजी, एम.एस्सी. नाही, एमबीए म्हणा. ताईनेच तिला तयारीला लावलं. गिरीजची आमची केळीची वाडी मुग्धा धंद्यासारखी चालवणार आहे."

मी मुलीकडे पाहिले.

"बाबा, आई म्हणाली होती, त्यांना मी समजावते. तिला वेळच मिळाला नाही."

अखेर वचन मुग्धाने दिले आणि कावळा शिवला. तो योगायोग असेल. परंतु सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट केवळ मला ठाऊक नव्हती, हा योगायोग नव्हे.

रोजची भाजीसुद्धा मला विचारून करणारी स्त्री एवढे लपवून गेली. जिला जाब विचारायचा, तिच्याच पिंडापुढे मी हात जोडून उभा होतो.

गेलेल्या माणसावर तुमच्यापैकी कोणी असे रागावले आहे का?