चालत आली

लेकीचा उजवा हात मांडीवरून घसरून लोंबकळला की आई तो उचलून परत मांडीवर ठेवायची. बाकीचे दोन महिनेही असेच गेले तर? हा विचार काही केल्या पाठ सोडत नव्हता.

त्याच हाताने लेक शिवणकारखान्यात चाळीस-चाळीस थर कापड एका रेषेत कापायची. सगळे तिला 'कात्री' म्हणत. मुकादम म्हणायचा, "कापडापेक्षा हिच्या जिभेला जास्त धार." चार महिन्यांपूर्वी लकवा मारला. जीभ सावरली, पाय ओढत का होईना चालू लागला, हात मात्र रुसून बसला. पहिल्या सहा महिन्यांत नेमाने व्यायाम झाला तर हाताची आशा जास्त, असं डॉक्टर म्हणाले होते. पण तो करून घेणाऱ्या बाई सरकारी इस्पितळात एकट्याच, आणि यादी मारुतीच्या शेपटासारखी. नंबर लागायलाच तीन महिने गेले. मग पत्र आलं : रुग्णाने तपासणीसाठी स्वतः हजर राहावे.

त्या सकाळी आईनेच बजावलं, "तिथे नीट चाल गं. रडतराऊत दिसू नकोस." परीक्षेला पाठवताना म्हणायची, तसंच.

विभाग दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. अधू माणसांना जिना चढायला लावणाऱ्याची अक्कल कुठे गहाण पडली होती, कोण जाणे. कठडा धरत, दोनदा पायरीवर बसत लेक वर पोचली आणि दारातून मात्र ताठ मानेने आत गेली. कारकुनाने एकदा वर पाहिलं, फॉर्मवर लिहिलं 'स्वतः चालत आली' आणि यादीतल्या नावावर रेघ ओढली.

"अहो, हात तर बघा तिचा," आई म्हणाली.

"मावशी, चालणाऱ्यांना घेतलं तर न चालणाऱ्यांनी कुठे जायचं?"

"आणि ते हा जिना चढतात कसे?"

"उचलून आणतात."

बाई आत कुणाचा तरी गुडघा वाकवत होत्या. त्यांच्यापर्यंत फॉर्म पोचलाच नाही.

घरी जावई म्हणाला, "आई, पुढच्या वेळी खुर्चीत घालून नेऊ. हिने फक्त मान टाकायची."

"मान टाकायला मी कोंबडी आहे का?" लेक उसळली. "मरमर करून चालायला शिकले, ते आता लपवू?"

आईला संताप आवरेना. त्या कारकुनाचा, त्या जिन्याचा आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या त्या सकाळच्या शहाणपणाचा. बरं होण्याचीच शिक्षा देणारी ही कुठली तऱ्हा? आणि लेकीला खोटं वागायला सांगायचं, तेही आईनेच?

पत्राच्या तळाशी विभागप्रमुखांचा नंबर बारीक अक्षरांत छापला होता. 'लेखी अर्ज करा' म्हणाले तर अर्जही करू. पण आधी त्यांना ऐकवायचं, की पोरगी चालत आली ते खरंच आहे, आता तिचा हात बघा. आईने चष्मा लावला आणि फोन हातात घेतला.