नवस सासूचा, पाय सुनेचे

सुनंदाच्या उजव्या तळपायात बाभळीचा काटा होता. चांगला अर्धा इंच आत गेलेला. मी चिमट्याने तो ओढून काढला, तेव्हा ती शेजारी बसलेल्या बाईला कडक भाकरी महिनाभर कशी टिकवायची ते सांगत होती. बोलणं एकदाही तुटलं नाही. मी काटा तिच्या डोळ्यांसमोर धरला.

"हा कधी लागला?"

"अगं बाई! माझ्या पायात होता?" ती हसली. मला हसू आलं नाही.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सोलापुरात सव्वीस वर्षं लोकांना उठवणं, बसवणं आणि चालवणं हेच काम करते. आमच्याकडे एक महिला मंडळ कॅन्सर झालेल्या बायकांसाठी दरवर्षी वॉक ठेवतं. सहा किलोमीटर चालायचं, विजापूर रोडवरून निघून सिद्धेश्वर मंदिरापाशी थांबायचं. जमलेल्या देणगीतून खेड्यापाड्यांतून उपचाराला येणाऱ्या बायकांची राहायची सोय होते. चालणाऱ्यांत काहीजणी स्वतः त्या आजारातून उठलेल्या असतात. त्यांची तयारी करून घ्यायचं काम आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांनी माझ्या गळ्यात घातलं होतं. रोज सकाळी मैदानावर चालणं, आणि शनिवारी बूट-मोजे काढून पायांची तपासणी. त्या तपासणीला बायका 'पायपूजा' म्हणत.

सुनंदा शुक्रवार पेठेतली. वय चव्वेचाळीस. घरी शाळेचे युनिफॉर्म शिवते. ऑपरेशन, केमो सगळं होऊन आठ महिने झाले होते. मैदानावर ती सगळ्यांत वक्तशीर, आणि बूटही न चुकता घालायची. मग काटा कुठून आला?

खोदून विचारल्यावर ती खाली बघत म्हणाली, "संध्याकाळी अनवाणी चालते मॅडम. सवय व्हावी म्हणून."

"कशाची सवय?"

"आत्यांनी नवस बोललाय की. सून बरी झाली तर सिद्धेश्वराला अनवाणी चालत येईल म्हणून. वॉक तितंच जातोय. म्हटलं, एका दगडात दोन पक्षी."

आत्या म्हणजे सासूबाई. आमच्या भागात सुना सासूला तसंच म्हणतात.

आता हे नीट सांगायला हवं. केमोच्या काही औषधांनी पायाच्या नसांची टोकं दुखावतात. त्याला न्यूरोपथी म्हणतात. आधी मुंग्या येतात, मग पाय बधिर होतो. कुणाचा काही महिन्यांत सुधारतो, कुणाचा नाही. त्यात सुनंदाला शुगर. अशा पायाला लागलेलं कळत नाही, कळत नाही म्हणून चिघळतं, आणि फार चिघळलं की बोट काढायची वेळ येते. मी ते पाहिलेलं आहे. हे सगळं मी तिला मैदानावरच सुनावलं, जरा चढ्या आवाजात.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आन् नवस चुकला आणि ते परत आलं तर? येणार न्हाय, असं लिहून देताय?"

असं लिहून कुणीच देऊ शकत नाही. मी तर नाहीच, डॉक्टरसाहेबही नाहीत. मी चिडले, आणि तशीच सरळ डॉक्टरसाहेबांकडे गेले.

"नाव कमी करा," ते म्हणाले. "काही झालं तर मंडळ अडचणीत येईल."

मी नाव कापलं. सुनंदाला फोन करून कळवलं. ती 'बरं' म्हणाली. मला वाटलं, प्रश्न सुटला.

चार दिवसांनी तिच्या गल्लीतली एक बाई मैदानावर मला बाजूला घेऊन म्हणाली, "मॅडम, सुनंदाचं चालणं काय थांबलं न्हाय. वॉक नसला तर नसला, एकटी जाईन म्हणत्या. रोज संध्याकाळी अनवाणी चालती."

म्हणजे मी काय मिळवलं होतं? आधी ती निदान दर शनिवारी माझ्यासमोर पाय पसरून बसत होती. आता तिचे पाय बघणारं कुणीच नव्हतं. माझा शहाणपणा तिला आगीतून फुफाट्यात घेऊन गेला होता. मला स्वतःची लाज वाटली, हे कबूल करते.

त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेले. सासूबाई उंबऱ्याशी बसून शेंगा फोडत होत्या. हिराबाई त्यांचं नाव. मूळच्या सांगोल्याकडच्या, निम्मं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं. मी नसा, शुगर, जखम सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मला एक शेंगदाणा दिला.

"तुजं बरुबर आसंल बाई. पर देवाला शबूद दिलाय मी."

बोलण्यात अर्थ नव्हता. मी पिशवीतून दोरा काढला. हा नायलॉनचा जाड दोरा असतो, एका दांडीला लावलेला. पेशंटने डोळे मिटायचे. आपण दोरा तळपायावर ठिकठिकाणी टेकवायचा, जरा वाकेल इतका दाबायचा. कळलं की पेशंटने 'हो' म्हणायचं. एवढीच ही तपासणी.

सुनंदा चटईवर पाय पसरून बसली, डोळे मिटले. हिराबाई शेंगा सोडून पुढे सरकल्या. मी अंगठ्याखाली दोरा टेकवला. सुनंदा गप्प. करंगळीखाली टेकवला. गप्प. टाचेच्या आत, बाहेर, मध्यभागी. हिराबाईंना राहवेना.

"आगं सांग की. टोचतंय न्हवं?"

सुनंदा मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "मॅडम, चालू केलं का तुमी?"

हिराबाईंनी आपला पाय माझ्यासमोर टाकला. "माजा बघ."

टाचा भेगाळलेल्या, कातडी चपलेच्या तळासारखी. मला वाटलं, इथेही काही कळायचं नाही. पण बाई डोळे मिटून घडाघडा सांगत गेल्या. "हितं. हितं बी. आता आंगठ्याखाली. आगं गुदगुल्या नगं करूस!"

मग डोळे उघडून त्या सुनेकडे वळल्या. "तुजं पाय आसं झाल्यात, मला का न्हाय सांगितलंस?"

"तुमाला कशाला तरास, आत्या."

हिराबाईंनी शेंगांची टरफलं एका बाजूला लोटली. मग माझ्याशी बोलल्या, पण खरं तर स्वतःशीच. "आनवानी कशापायी चालायचं? दुखावं म्हणून. दुखल्यालं देवाला पोचतंय. हिला दुखतच न्हाय, तर देवाला पोचनार काय?"

हा मुद्दा माझ्या कुठल्याही पुस्तकात नव्हता.

"मला दुखतंय," हिराबाई म्हणाल्या. "बोलले मी, चालन बी मीच. हिला बुटं घालून संगं येऊ दे."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेबांसमोर उभी राहिले.

"एक नाव कमी करायला सांगितलं होतं. तुम्ही एक वाढवून आणलंत?"

"दोन, सर. सुनंदाचं परत घ्यायचंय."

"आजींचं वय काय?"

"त्यांनाच नक्की माहीत नाही. सत्तरच्या आसपास असेल."

"गुडघे?"

"माझ्यापेक्षा बरे आहेत."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "ईसीजी काढा. आणि पूर्ण वेळ तुम्ही त्यांच्याबरोबर चालायचं."

उरलेल्या दोन आठवड्यांत हिराबाईंनी मैदान ताब्यात घेतलं. वॉर्मअपला त्या 'वाऱ्यावर हात हालवायचं' म्हणत आणि करत नसत. चालताना हात पाठीमागे बांधत आणि रेंगाळणाऱ्या बायकांना मेंढरांसारखं हाकत. आमच्या सगळ्या ग्रुपचा स्पीड त्यांच्यामुळे वाढला, माझ्यामुळे नाही.

वॉकच्या दिवशी सकाळी सहाला निघालो. हिराबाईंनी लुगड्यावरून मंडळाचा गुलाबी टी-शर्ट चढवला होता. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बूट घातलेली सुनंदा. चार किलोमीटर सुरळीत गेले. मग एका वळणावर हिराबाई थांबल्या. "लागलं." त्यांनी पाय वर करून नेमकी जागा दाखवली. बारीक खडा रुतला होता, थोडं रक्त होतं. मी जखम धुतली, पट्टी लावली आणि म्हटलं की रिक्षा बोलावते.

"दुखतंय का?"

"लई दुखतंय."

"मग थांबू या."

"थांबायचं कशाला? पोचतंय की."

शेवटचा टप्पा त्या लंगडत चालल्या. सुनंदाने त्यांचा हात धरला होता. ती रडत होती आणि चालत होती. मी सहसा कामावर रडत नाही, पण त्या दिवशी मलाही दोनदा चष्मा पुसावा लागला.

मंदिरापाशी पोचलो. दर्शनाला जायचं म्हणून सुनंदाने बूट-मोजे काढले आणि ती आत निघाली. "थांब," हिराबाई म्हणाल्या. त्या पायरीवर टेकल्या, मांडीवर पदर पसरला. "दे पाय हिकडं."

सुनंदा दचकली. आपल्याकडे सून सासूच्या पाया पडते. सासूने सुनेचा पाय मांडीवर घेतलेला कुणी पाहिलाय?

"आत्या, नगं. लोकं बगत्यात."

"बगू देत. दे."

सहा किलोमीटर चालून आलेल्या त्या म्हातारीने, स्वतःच्या पायाला पट्टी असताना, सुनेचे दोन्ही तळवे उजेडाकडे वळवून बघितले. टाचेवरून अंगठा फिरवला. एकेक बोट बाजूला करून बेचक्यांत बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय न्हाय. बरं हाय." आणि सुनेला म्हणाल्या, "आता चल आत. खाली बगून चाल."

बधिर पायाच्या पेशंटला मी घरी लावायला एक छापील तक्ता देते. त्यात पहिलीच ओळ होती, 'रोज रात्री स्वतःचे तळपाय तपासणे.' इतकी वर्षं देत आले, आणि फार थोडे पेशंट ते करताना पाहिले. सोमवारी दवाखान्यात गेल्यावर मी 'स्वतःचे' हा शब्द खोडला आणि वर हाताने लिहिलं, 'घरातल्या माणसाकडून', आणि 'तपासणे'चं 'तपासून घेणे' केलं. पुढच्या छपाईत तसंच छापून घेतलं.