दोन बोरनाले आणि परसराम

परसरामला जाऊन आज वर्ष झालं. तो जंगलात मेला नाही.

पुसदच्या दवाखान्यात गेला. पलंगावर, हाताला सलाइन, उशाशी बायको. लहानपणापासून एकट्यानं बकऱ्या घेऊन डोंगर पालथे घातलेला माणूस.

फुलसावंगीच्या पुढे जंगलाला लागून एक तांडा आहे, परसराम तिथला. मी पुसदला शेतपंपाच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करतो. दहावी नापास. रिवाइंडिंग स्वतः शिकलो, नकाशा वाचणं स्वतः शिकलो, प्रथमोपचारही स्वतःच. रविवारी टेप घेऊन जंगलातल्या जुन्या झाडांचे घेर मोजतो. जमिनीपासून १३७ सेंटिमीटरवर. अंदाजे नाही.

एकटाच जातो. सोबत माणूस असला की तो बोलतो आणि आकडा चुकतो.

म्हणून तयारीत कसर नाही. तीन लिटर पाणी, तेही दोन बाटल्यांत, कारण एक फुटू शकते. क्रेप बँडेज, ओआरएस. शिट्टी गळ्यात, बॅगेत नाही, कारण बॅग घरंगळू शकते. आणि घरी एक कागद ठेवून जायचं: कुठे चाललो, किती वाजता येणार, नाही आलो तर फोन कोणाला.

नंबर कायम एकच. परसरामचा.

तो हसायचा. "मिस्त्री, तू जंगलात जाऊन राह्यला का चंद्रावर?"

चार वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर, कागदावर लिहिलं: बोरनाला. जुळा बेहडा, घेर मोजणे बाकी. परत दुपारी दोन. तीनपर्यंत फोन नाही आला तर परसराम.

अकरा चाळीसला नाल्यातल्या शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकला. घोट्याचं हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला.

घाबरलो नाही. खरं सांगतो.

दोन सरळ काटक्या लावून पाय बांधला. सावलीत सरकलो. मोबाईलला नेटवर्क नव्हतं, ते मी धरूनच चाललो होतो. तीन शिट्ट्या, मिनिटभर थांबायचं, परत तीन. गणित सोपं होतं: तीनला फोन, साडेचारला माणसं माझ्यापाशी.

सुनंदानं, माझ्या बायकोनं, तीनच्या ठोक्याला फोन केला. तांड्यातून पाच जण लगेच निघाले.

साडेचार झाले. कोणी नाही.

पाच झाले. ऊन नाल्याच्या काठावर चढलं. शिट्टी वाजवून ओठ फाटले. पाणी राहिलं दोनशे मिली. तेव्हा पहिल्यांदा मधलं मिनिट न थांबता शिट्टी वाजवत सुटलो. अंधार पडला तर मी इथं आहे हे कोणाला कळणार नव्हतं.

झालं होतं असं, की माणसं बरोबर बोरनाल्यात पोचली होती.

त्यांच्या बोरनाल्यात.

मी सरकारी नकाशावरचं नाव लिहिलं होतं. नकाशातल्या त्या बोरनाल्याला तांड्यात 'सासूचा नाला' म्हणतात, कारण पावसाळा संपला तरी त्याची बडबड थांबत नाही. तांड्याचा बोरनाला डोंगराच्या पलीकडच्या अंगाला.

बाकीचे हाका मारत पुढे गेले. परसराम थांबला. जिथं एक काडी नेटवर्क येतं त्या चढावर जाऊन त्यानं सुनंदाला फोन लावला.

"वयनी, कागदावर अजून काय लिवलं हाये? सारं वाचा."

"जुळा बेहडा, घेर मोजणे बाकी."

"बेहडा? बोरनाल्यात बेहडा कायले येईन! वयनी, मिस्त्री सासूकडं गेला!"

माझी सासू दारव्ह्याला राहते. सुनंदा क्षणभर चक्रावली. नंतर म्हणाली, "भाऊजी, मोजायचा टेप घेऊन?"

पावणेसहाला नाल्याच्या वळणावरून आवाज आला.

"काहून शिट्टी वाजवून राह्यला बे? एस.टी. सोडून राह्यला का?"

मी रडलो. हेही खरं सांगतो.

घोंगडीच्या झोळीत घालून आणलं मला. रस्ताभर मी एकच म्हणत होतो, नाव बरोबर आहे, नकाशा पाहा.

"तुहा नकाशा बरोबरच असन," परसराम म्हणाला. "पण तुले शोधाले नकाशा आला का मी आलो?"



प्लास्टर निघाल्यावर नकाशाची मोठी प्रिंट काढून तांड्यावर गेलो. दोन दुपारी बसून प्रत्येक नाल्याचं, चढाचं, मोठ्या झाडाचं तांड्यातलं नाव पेन्सिलनं लिहिलं. त्रेपन्न नावं.

एकट्यानं फिरणाऱ्या मित्रांनो, पाणी घ्या, शिट्टी घ्या. पण कागदावर तेच नाव लिहा जे तुम्हाला शोधायला येणाऱ्याच्या तोंडात आहे. आणि तिथली एक खूण लिहा. मी वाचलो तो खुणेमुळे.

परसराम गेल्यावर वर्षभर जंगलात गेलो नाही. गुडघा दुखतो म्हणालो, हंगाम आहे म्हणालो. खरी गोष्ट ही, की कागदावर कोणाचा नंबर लिहायचा ते सुचत नव्हतं.

मागच्या महिन्यात नकाशा घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याची बायको शेवंताबाई सरपणाला, मोहाला एकटीच जंगलात जाते. मी एकेक नाव वाचत गेलो. सासूच्या नाल्यापाशी तिनं थांबवलं.

"हे कोनं सांगतलं?"

"परसरामनं."

"माणसाईनं ठेवलेलं नाव हाये ते. आमी बाया तेले विसावा म्हनतो. भारा उतरवून बसाले तेवढीच एक जागा."

तेहतीस वर्षांच्या संसारात परसरामला हे कळलं नव्हतं!

मी पेन्सिल काढली.

"लिवा," शेवंताबाई म्हणाली. "आन नंबर माहा लिवा. पण मिस्त्री, दोनची वेळ सांगतली तं दोनले या. मी तीन वाजेलोक वाट पाहनार नाई."

या रविवारी जातोय. एकटाच.

परसराम, गड्या, तुला या मिस्त्रीचा वाकून रामराम.