सॉरीबाई

कपडे धुण्याची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात ती फोन घ्यायची. ऑफिसात सगळे तिला सॉरीबाई म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं. तिथला नियमच होता: फोन उचलला की सॉरी, ऐकून घेताना सॉरी, ठेवण्यापूर्वी पुन्हा सॉरी. यंत्र गळतंय, सॉरी. मेकॅनिक फिरकलाच नाही, सॉरी. कुणी आईबाप काढले तरी सॉरीच.

हा शब्द इंग्रजीत जन्मला तेव्हा चांगला वजनदार होता. जुन्या इंग्रजीत जखमेला, ठसठसणाऱ्या दुखण्याला जो शब्द होता, त्याच्याच पोटी हा आला. ज्याला आतून दुखतंय, तो सॉरी. मग झिजत झिजत तो धक्का लागला की म्हणायचा शब्द झाला, आणि आपण तो आयताच उचलला. आपली सोयच झाली म्हणा! ‘माझं चुकलं’ म्हणताना जीभ जड होते, सॉरी कसं चटकन सुटतं.

तिची जीभ जड व्हायची ती थोरल्या बहिणीपुढे. ताईचं पोटाचं ऑपरेशन होतं, ताईला हिच्याशिवाय कुणी नव्हतं, आणि ‘येते’ म्हणून ही गेलीच नाही. मागाहून ‘रजा नाही मिळाली’ असा निरोप धाडला. तेव्हापासून ताईने बोलणं टाकलं. आपलं म्हणावं असं एकच माणूस, तेही हातचं जाणार या धास्तीने एका रविवारी ती ताईच्या दारात जाऊन उभी राहिली.

ताईने आत घेतलं, चहा दिला, पण तोंडातून ब्र काढला नाही. हिने वाटेभर जुळवलेलं सगळं ऐनवेळी पसार झालं. निघालं ते ऑफिसातलंच, त्याच गोडगोड सुरात.

“आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल सॉरी.”

ताई बघतच राहिली. “मी काय यंत्र घेतलंय तुझ्याकडून?”

हिला हसूही येईना, रडूही येईना. फार थकली होती बिचारी.

“ताई, रजा मिळाली होती गं,” ती म्हणाली. “सकाळी आवरून बसले होते. म्हटलं, जरा पाठ टेकते. जी झोपले ती संध्याकाळपर्यंत. कुणाचं काही ऐकायचं त्राणच उरलं नव्हतं, तुझंसुद्धा. वर खोटं बोलले. माझं चुकलं.”

ताईने कप बाजूला सारला.

“मला आत न्यायला आले ना,” ती म्हणाली, “तेव्हा मी त्यांना थांबवलं. म्हटलं, जरा थांबा, बहीण निघालीय, पोचेलच. दोनदा थांबवलं. मग नर्सच म्हणाली, चला, मी आहे ना. तिचा हात धरून गेले.”

धाकटी काही बोलायला गेली आणि ओक्साबोक्शी रडू लागली. ताई जागची हलली नाही. पण ‘ऊठ, जा’ असंही म्हणाली नाही.