दारातली बोटभर पायरी

आनंदराव, तुमचा हात चांगला आहे, नाही कोण म्हणतंय? विट्याच्या सोनं गाळणाऱ्या गलाईवाल्यांच्या दुकानांत, थेट कोइमतूरपर्यंत, तुम्ही फरश्या बसवल्यात. फटीत सोन्याचा कण अडकू नये म्हणून तिथे केसाएवढा सांधाही चालत नाही. पण विश्रामबागेतल्या माझ्या घरात हॉल आणि झोपायच्या खोलीमधली पट्टी तुम्ही तीनदा उखडलीत!

"आनंदराव, आमच्याकडे भडंग सांडतं, सोनं नाही."

"आवं बाई, फट ती फटच."

इकडे हॉलची नवी फरशी खोलीपेक्षा बोटभर उंच झालीय आणि यजमानांच्या वॉकरचं चाक नेमकं दारात अडतंय. पंधरा दिवस ते आतच जेवतात. काल म्हणाले, "राहू दे, मला इथंच बरं आहे." या वाक्याची मला भीती वाटते.

"तयार पट्टी नको, माधवनगरला उताराचा दगड कापून घिऊ. रंग तुमी निवडा, शनवारी जाऊ," हे तुमचेच शब्द. शनिवारी मी पिशवी घेऊन फाटकात तासभर उभी होते. फोन लावला, तर तुम्ही कोइमतूरच्या गाडीत. दगड अजून आणायचाच आहे.