काकांच्या पातेल्यातला धूर

माझ्या बायकोच्या काकांइतका कडक शाकाहारी माणूस अमेरिकेतल्या अख्ख्या जॉर्जिया राज्यात दुसरा नव्हता, आणि त्यांच्या पातेल्यात डुकराचं मांस असतं ही आवई उठवली ती मी. हे आधीच सांगून टाकतो. शेवटी सांगायचं ठरवलं, तर काकांच्या गमती सांगता सांगता मी ते टाळेन. एकदा मी ते दोन महिने टाळलं आहे, त्यामुळे स्वतःची मला चांगली ओळख आहे.

ऐंशीच्या दशकात नोकरीसाठी आम्ही अल्फारेटाला राहायला गेलो. तेव्हा तिथे माणसांपेक्षा घोडे जास्त होते. काका तिथून तासाभराच्या अंतरावर एका लहानशा गावात राहायचे. पेशानं भूलतज्ज्ञ, लग्न केलेलं नाही, आणि त्या गावात ते एकटेच भारतीय. ऑपरेशन टेबलावर पेशंटला भूल देताना बाकीचे डॉक्टर त्याला आकडे मोजायला लावतात. काका विचारायचे, "शुद्धीवर आल्यावर पहिलं काय खाणार?" गावातला जवळजवळ प्रत्येक माणूस डोळे मिटता मिटता एकच उत्तर द्यायचा: कॉलर्डची भाजी आणि कॉर्नब्रेड, म्हणजे मक्याचा पाव. "जावईबापू, त्या घटकेला माणूस खोटं बोलत नाही," काका मला म्हणाले होते. "शेकडो लोक एकच पदार्थ सांगतात, म्हणजे त्यात काहीतरी असणार." तेव्हापासून त्यांनी त्या पदार्थाचा ध्यास घेतला.

कॉलर्ड म्हणजे हत्तीच्या कानाएवढ्या पानांची, निबर, हट्टी पालेभाजी. तिकडचे लोक ती दोन-दोन तास शिजवतात. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातल्या एका वयस्कर बाईंकडे काकांनी एक अख्खा हिवाळा शिकवणी लावली. अडचण एकच होती. त्या भाजीत हॅमचा, म्हणजे डुकराच्या मांसाचा, धुरावलेला तुकडा पडायचा. तो पडायच्या आधी काका दाराबाहेर जायचे आणि तिथून ओरडून प्रश्न विचारायचे, "आता रंग कसा आहे? आता पाणी किती?" बाई हसून हसून बेजार व्हायच्या. पण शिकवणी संपताना त्यांनी बजावलं, धूर नसेल तर तुझा नुसता पाला. ते वाक्य काकांच्या जिवाला लागलं. पुढची तीन वर्षं ते मांसाशिवाय धूर कसा आणायचा याच्या मागे होते, आणि मार्ग सापडल्यावर तो त्यांनी कुणालाही सांगितला नाही.

शाकाहाराच्या बाबतीत ते पोलीस होते. दुकानात खिशातून भिंग काढून डब्यांवरची बारीक अक्षरं वाचायचे. कॉर्नब्रेडच्या तयार पिठात डुकराची चरबी निघाल्यावर ते इतके हादरले की तेव्हापासून गिरणीवर जाऊन मका समोर दळून घ्यायला लागले. आमच्या घरी बिस्किटाचा पुडा उघडा दिसला तरी आधी वेष्टन मागायचे. बायको म्हणायची, "काका, मी तुझी पुतणी आहे, विष नाही घालणार." काका म्हणायचे, "तू नाही ग, पण कंपनीचा काय भरवसा?"

पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा गॅरेजमध्ये दोन वॉशिंग मशिन्स शेजारी शेजारी बघितली. एक गरगर फिरत होतं. मी सहज विचारलं, "कपडे एवढे निघतात का काका?" त्यांनी झाकण उघडून दाखवलं. आत हिरवीगार पानं घुसळत होती. "साबण नाही, फक्त गार पाणी, नाजूक कपड्यांचं बटण. माती राहिली तर दाताखाली कचकच येते. इथले जुने लोक असंच करतात." मग किंचित दुखावून, "आणि ह्यात कपडा आजवर पडलेला नाही. सोवळ्यातलं मशिन आहे ते." काकांना तेव्हा धूर सापडलेला नव्हता, भाजी नुसतीच उकडलेली होती. त्या दिवशी मी जेवलो खरा, पण प्रत्येक घास आधी जिभेवर थांबवून, कुठे बटण लागतंय का ते बघून. भीती हा माझा जुना आजार आहे.

कॉर्नब्रेडचा तर सोहळाच असायचा. बिडाचं जाड पॅन ओव्हनमध्ये तापत ठेवायचं, मका आणि ताक कालवायचं आणि तापलेल्या पॅनमध्ये ओतताना सगळ्यांनी गप्प बसायचं. काका कान लावून उभे राहायचे. मनासारखं "चर्र" झालं की चेहरा उजळायचा. नाही झालं तर पूर्ण जेवण होईपर्यंत हिरमुसलेले असायचे. साखरेचं नाव काढायचं नाही. माझ्या बायकोनं एकदा चमचाभर घालायचं सुचवलं, तर म्हणाले, "मग मेणबत्ती पण लाव आणि वाढदिवस कर कुणाचातरी."

तर अशा माणसाचं मी काय केलं ते ऐका.

नोव्हेंबरात आमच्या मराठी मंडळाची दिवाळी होती. एका शाळेचं कॅफेटेरिया भाड्यानं घेतलं होतं आणि जेवणाची व्यवस्था माझ्याकडे होती. आठवडाभर मला झोप नव्हती. कुणाचे पाहुणे उपासाचे, कुणाला लसूण चालत नाही, देवीपुढच्या नैवेद्याचं ताट वेगळं. सगळ्यांनी पदार्थ घरून आणायचे, पण टेबलावर काही भलतंसलतं गेलं तर नाव माझं जाणार, हे मी स्वतःला दिवसातून दहा वेळा बजावत होतो. काकांनी त्या आठवड्यात मला ऑफिसात फोन केला. "जावईबापू, काल रात्री दंव गोठलं. दंव गोठलं की पाला गोड होतो. आता मंडळाला दाखवतो." मी जेवणाच्या यादीत त्यांचं नाव लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

काका भलंमोठं पातेलं घेऊन आले, माझ्या हवाली केलं आणि खुर्च्या लावायला गेले. मी झाकण उघडलं. आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये सकाळी बेकनचा जो वास यायचा, अगदी तोच धुरकट वास नाकात शिरला. डावानं ढवळलं तर एक जाडसर, तपकिरी, एका बाजूनं काळपट तुकडा वर आला. मी घाईघाईनं झाकण परत लावलं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नैवेद्याचं ताट होतं.

ज्या माणसानं बिस्किटांची वेष्टनं तपासली, तो हॅम शिजवेल का, एवढा साधा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. आला तो एवढाच, की अर्ध्या तासात रांग लागणार. मी पातेलं उचललं, मागच्या बाजूला नेलं आणि सगळी भाजी कचऱ्याच्या पिंपात ओतली. परत येताना मंडळाच्या अध्यक्षबाई भेटल्या. "काकांची ती भाजी कुठाय हो?"

"त्यात बहुतेक हॅम होता," मी कुजबुजलो. "मी बाजूला केली. कुणाला बोलू नका."

"अगबाई!" त्या म्हणाल्या, आणि श्रीखंड वाढायची वेळ येईपर्यंत सगळ्या हॉलला माहीत झालं होतं.

फक्त काकांना नव्हतं. ते ताटात कॉर्नब्रेडचा तुकडा घेऊन टेबलाशी आले आणि इकडेतिकडे बघायला लागले. "भाजी?"

"संपली काका," मी म्हणालो. "पहिल्या दहा मिनिटांत."

त्यांचा चेहरा असा फुलला की मला अजून तो बघवत नाही. "एवढं मोठं पातेलं! म्हणजे आवडली की रे!"

त्यानंतर काका पेटलेच. दर रविवारी एकेका कुटुंबाला जेवायला बोलवायला लागले. कुणाची मुलं आजारी पडत, कुणाची गाडी बिघडे, कुणाचा एकाएकी चतुर्थीचा उपास निघे, तोही पौर्णिमेच्या दिवशी. काका मशिन भरून पाला धुवायचे आणि एकटेच खायचे. मला फोन करायचे, "जावईबापू, एवढी संपली म्हणतोस, मग लोक येत का नाहीत? मीठ जास्त झालं होतं का? खरं सांग." मी म्हणायचो, "नाही काका, परफेक्ट होतं." आणि घाईनं रिसीव्हर ठेवायचो.

जानेवारीत आम्हालाच बोलावणं आलं. काका म्हणाले, "तुला आवडली होती, तेव्हा तुलाच शिकवतो. माझ्यामागे कुणाला तरी यायला हवी." स्वयंपाकघरात त्यांनी सुक्या खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून निखाऱ्यावर काळपट होईपर्यंत भाजली, जाड काप केले आणि भाजीत टाकले. मग स्टीलची एक वाटी भाजीवर तरंगत ठेवली, तीत लालबुंद कोळसा, त्यावर चमचाभर तूप. भसकन धूर उठला, त्यांनी झाकण घट्ट लावलं, छताला लावलेली धुराची घंटा कोकलायला लागली आणि काका टॉवेल हलवत विजयी मुद्रेनं ओरडले, "हा माझा हॅम!"

मी खुर्चीत बसलो. बायको म्हणाली, "काय झालं? पांढराफटक पडलायस." तिला मंडळातली कुजबुज माहीत होती, पण ती कुठून निघाली हे माहीत नव्हतं. घंटा बंद झाल्यावर मी सगळं सांगितलं. पिंपाचंसुद्धा. "संपली" म्हणालो होतो त्याचंसुद्धा.

बायको एवढंच बोलली, "आणि दोन महिने तू काकाशी फोनवर मिठाची चर्चा करत होतास?"

काकांनी गॅस बंद केला. टॉवेलची घडी घातली. "मी वीस पावलांवर खुर्च्या लावत होतो," ते म्हणाले. "हाक मारायचीस."

"चुकलं काका. मी घाबरलो. मला माफ करा."

"मला सांगून काय उपयोग? माझ्या भाजीत काय होतं ते मला माहितीये. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग."

मग त्यांनी ताटं घेतली आणि आम्हाला वाढलं. स्वतः जेवले नाहीत.

हे सगळं होऊन बरीच वर्षं झाली. काका पुढे निवृत्त झाले. त्यांनी मला भाजी शिकवली ती अगदी नीट शिकवली, हातचं काही राखलं नाही. लोकही हळूहळू त्यांच्याकडे जेवायला जायला लागले. पण मंडळात त्यांनी पातेलं पुन्हा कधी आणलं नाही. मी दर दिवाळीला विचारायचो, आणि ते म्हणायचे, "अरे, आता होत नाही एवढं." ते होत होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

एक सांगायचं राहिलं: त्या जेवणानंतर, त्याच जानेवारीत मंडळाची संक्रांत होती. तिळगूळ वाटून झाल्यावर मी अध्यक्षबाईंकडून माइक मागून घेतला. पन्नास-साठ लोक होते. काका अंगातला कोट न काढता दाराजवळ उभे होते. आत या म्हटलं तर नको म्हणाले. कागदावर लिहून आणलं होतं, पण तो कागद खिशातच ठेवला आणि जसं आलं तसं बोललो.

"दिवाळीला काकांच्या भाजीत हॅम होता असं तुम्ही ऐकलंत. ते मी सांगितलं होतं. त्यात मांस नव्हतं. भाजलेलं खोबरं होतं आणि कोळशाची धुरी होती. मी चाखलं नाही, विचारलं नाही, उचलून कचऱ्यात टाकलं आणि त्यांना सांगितलं की तुम्ही सगळ्यांनी संपवली. तुमच्यापैकी कुणीही ती भाजी खाल्लेली नाही. काका, तुम्ही पहाटे उठून केलेलं अन्न मी फेकलं, आणि तुमचं नाव घालवलं. माझं चुकलं. मी तुमची सगळ्यांसमोर माफी मागतो."